कोरोना संपेपर्यंत दाढ थांबत नाही (ऑगस्ट २०२१ मधील पत्रव्यवहार)

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा २३ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर ताबा न राहणारा मेंदूचा विकार) आहे. तो चाकाच्या खुर्चीत असतो, मोजके शब्द बोलतो आणि त्याचे वजन ३८ किलो आहे. आकडीसाठी फेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या गोळ्या लहानपणापासून चालू आहेत. पूर्ण भूल देऊन त्याचे सगळे दात एकदाच साफ करायचे आणि दोन दाढा भरायच्या असे ठरले होते. तारीख एप्रिल २०२० ची होती. लॉकडाउन लागला आणि ते राहिले ते राहिलेच. यंदा मे महिन्यात तो उजव्या गालावर थापडा मारून घेऊ लागला. पंधरा दिवसांनी ते आपोआप थांबले, तेव्हा जिवात जीव आला. आता त्याच बाजूच्या खालच्या दाढेजवळ हिरडीवर फोड येतो, फुटतो आणि पुन्हा येतो. हिरड्या वाढून पुढचे दात अर्धे झाकले गेले आहेत. ब्रश लावला की रक्त येते, म्हणून ब्रश करणे मी जवळजवळ सोडले आहे. दोन दंतवैद्यांना फोन केला. एकांनी सांगितले की पूर्ण भुलेशिवाय काही होणार नाही, कोरोना संपल्यावर पाहू. दुसऱ्यांचे क्लिनिक जिना चढून आहे. सासूबाई म्हणतात, मिश्री लावून बघ. मला एप्रिलमध्ये कोरोना होऊन गेला, तेव्हापासून त्याला घराबाहेर काढायची धास्ती वाटते. तो मास्क मिनिटभरही ठेवत नाही. आणखी किती दिवस थांबता येईल आणि तोवर घरी काय करू? (माझीही डावी दाढ दुखते, पण ते नंतर.)
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे: आता थांबू नये. याच आठवड्यात फोनाफोनी करून येत्या आठ-दहा दिवसांत त्याला दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत, किंवा दंतवैद्याला त्याच्या खुर्चीपर्यंत, आणावे.

मे महिन्यात तो गालावर मारून घेत होता आणि मग ते थांबले, असे आपण लिहिले आहे. ज्याला शब्दांत सांगता येत नाही, त्याने दुखणे सांगण्याचा तोच एक मार्ग असतो आणि आपण तो अचूक ओळखला. पुढे जे घडले त्याचा अर्थ मात्र दिलासादायक नाही. कीड दाढेच्या नसेपर्यंत पोहोचली की असह्य कळा येतात. काही दिवसांनी ती नस आतल्या आत मरते आणि मेलेली नस दुखत नाही. घरच्यांना वाटते की दाढ बरी झाली. प्रत्यक्षात जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरलेला असतो आणि तिथे साठलेला पू बाहेर पडायला वाट शोधत हिरडीवर येतो. आपल्याला दिसणारा फोड म्हणजे त्या पुवाची मोरी आहे. ती वाहते आहे तोवर दुखणे कमी राहते. ती तुंबली तर एका रात्रीत गाल सुजू शकतो, आणि ती रात्र कोणती असेल हे कोणीच सांगू शकत नाही. दिवसाउजेडी, ठरवून, धावपळ न करता जे काम होऊ शकते, ते रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागात करावे लागू नये, म्हणून मी घाई करायला सांगतो आहे.

"कोरोना संपल्यावर पाहू" हे उत्तर देणाऱ्या सहव्यवसायिकांना मी सरसकट दोष देणार नाही. दंतवैद्यकातले नेहमीचे यंत्र, म्हणजे दाढ कोरणारा एअरोटर किंवा दात साफ करणारे कंपनाचे स्केलर, पाणी आणि लाळ यांचा बारीक फवारा हवेत उडवते आणि रुग्णाच्या तोंडापासून आमचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नेहमीची, पुढे ढकलता येण्यासारखी कामे पुढे ढकलावीत असेच म्हटले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ३ ऑगस्ट २०२० च्या सूचनांत, जिथे समाजात संसर्ग पसरला आहे तिथे, साधारण तोच सल्ला दिला होता. मात्र तातडीचे उपचार थांबवा असे या दोन्हींपैकी एकीनेही म्हटले नव्हते. वेदना, सूज, पू, रक्तस्राव, मार लागणे ही कारणे तेव्हाही "आता" या रकान्यात होती. तेव्हा काही महिन्यांपुरते असलेले "नंतर" आज सव्वा वर्ष लांबले आहे आणि ज्यांचा क्रमांक महामारीच्या आधीही रांगेत शेवटचा होता, त्यांच्या बाबतीत ते सर्वाधिक लांबले आहे. राज्य सरकारच्या २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात ज्या जिल्ह्यांना कोरोनाच्या निर्बंधांतून शिथिलता मिळाली त्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव नाही हे मला माहीत आहे. परंतु दवाखाने त्या निर्बंधांत येत नाहीत.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. जून २०२० मध्ये मीही एका आईला फोनवर असेच थांबवले होते. मुलगी डाऊन सिंड्रोमची होती आणि दाढ दुखत होती. मी मोबाइलवर एक अंधुक फोटो पाहिला, पाच दिवसांचे प्रतिजैविक लिहून दिले, आणि तीन आठवड्यांनी दुखणे परतल्यावर तेच पुन्हा लिहून दिले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा सूज डोळ्याखालपर्यंत गेली होती आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. ती बरी झाली. पण पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटांत काढून टाकता आली असती अशी ती दाढ होती. प्रतिजैविकाने पू काही दिवस मागे हटतो, त्याचे उगमस्थान जागच्या जागी राहते. म्हणून कोणी आपल्याला केवळ गोळ्यांवर ठेवू पाहिले, तर "आणि दाढेचे काय?" हा प्रश्न आवर्जून विचारावा.

आता पूर्ण भुलेविषयी. गेल्या वर्षी "सगळे एकदाच" असा बेत होता आणि तो चांगलाच होता. पण तो फिसकटल्यावर "सगळे किंवा काहीच नाही" अशी गाठ पडली आहे. ती सोडवावी लागेल. आज निकडीचे काम एकच आहे: ती खालची दाढ. फोड येणाऱ्या दाढेला दोनच मार्ग असतात, रूट कॅनाल किंवा दाढ काढणे. रूट कॅनालसाठी बराच वेळ, वारंवार एक्स-रे आणि स्थिर तोंड लागते. हालचालींवर ताबा नसलेल्या रुग्णात, शुद्धीत असताना, मी तो मार्ग सहसा धरत नाही. दाढ काढायला मात्र फक्त जागेवरची सुई पुरते, एअरोटर बहुधा लागत नाही, म्हणून फवाराही उडत नाही. तोंड उघडे ठेवण्यासाठी दोन दातांमध्ये रबराचा ठोकळा, डोके सांभाळायला पाठीमागे आपण, हात धरायला त्याचे वडील आणि लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी सतत चालू, अशा तयारीने हे काम पुष्कळदा होते. कोणी, कसे आणि किती वेळ धरायचे हे आधी ठरवून घ्यावे आणि त्याने जास्तच प्रतिकार केला तर तिथेच थांबायचे, हेही आधीच ठरवावे.

दाढ काढल्यानंतरच्या दोन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे, कारण घाईत त्या सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे, सुईमुळे ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात आणि त्या वेळात अशी मुले स्वतःचाच ओठ चावून रक्तबंबाळ करून घेतात. तेवढा वेळ त्याच्यासमोर बसून राहावे आणि खायला काही देऊ नये. दुसरे म्हणजे, आम्ही एरवी रुग्णाला कापसाचा बोळा चावून धरायला सांगतो. आपला मुलगा तो गिळू शकतो किंवा तो त्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून टाके घालून आणि आपोआप विरघळणारा स्पंज भरून द्यावा अशी विनंती करावी.

राहिलेल्या किडक्या दाढांपैकी ज्यांची नस अजून जिवंत आहे, त्यांच्यासाठी कोरण्याशिवायचे उपाय आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड नावाचे औषध छोट्या ब्रशने किडलेल्या जागी लावले की कीड बऱ्याच वेळा तिथेच थांबते. मिनिटभराचे काम असते. मात्र ती जागा कायमची काळी पडते, हे आधी माहीत असलेले बरे. दाढेत ते काळेपण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे हाताच्या चमच्यासारख्या हत्यारांनी मऊ कीड खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरणे. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, जिथे वीज आणि यंत्रे नव्हती अशा ठिकाणांसाठी, विकसित झाली. विजेवाचून चालणारी ती रीत महामारीत फवाऱ्यावाचून चालणारी म्हणून शहरांतल्या वातानुकूलित क्लिनिकांनाही आठवली, याची मला गंमत वाटते. दातांवरचे किटण हाताच्या हत्याराने काढता येते. वेळ जास्त लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण होते.

अर्थात, तोंड उघडूच देत नसेल किंवा तपासणीत आणखी चार-पाच दाढा बिघडलेल्या निघाल्या, तर पूर्ण भूलच योग्य ठरेल आणि तसे असल्यास ती घ्यावी. त्यासाठी कोरोना संपण्याची वाट पाहावी लागत नाही. आधी आरटीपीसीआर चाचणी, रक्ततपासणी आणि भूलतज्ज्ञांची भेट एवढे पुरते. त्या दिवशी सकाळी उपाशी ठेवायला सांगतील. आकडीच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत द्यायच्या की नाही हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे, आपल्या मनाने चुकवू नये.

हिरड्यांच्या वाढीचे कारण बहुतांशी त्याच्या गोळीत आहे. फेनिटॉइन दीर्घकाळ घेणाऱ्या अनेकांच्या हिरड्या वाढतात आणि दातांवर किटण जितके जास्त तितकी ती वाढ अधिक होते. म्हणजे रक्त येते म्हणून ब्रश थांबवला, त्यामुळे किटण वाढले, त्यामुळे हिरडी वाढली आणि त्यामुळे रक्त वाढले, असे हे चक्र आहे. कृपा करून गोळी स्वतःहून बंद करू नये. अचानक बंद केल्यास थांबता न थांबणारी आकडी येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. मेंदुविकारतज्ज्ञांना "हिरड्या वाढल्या आहेत, पर्यायी औषध देता येईल का?" एवढे विचारावे. तो निर्णय त्यांचा. व्हॅल्प्रोएटमुळे काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होतात, म्हणून दाढ काढण्यापूर्वी रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि दंतवैद्यांना दोन्ही गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. तोंडी सांगू नये, चिठ्ठीच दाखवावी.

आता ब्रश. या पत्रातला हा भाग सर्वांत लांब असेल, कारण आपण दिवसातून दोनदा जे करणार आहात ते आम्ही वर्षातून दोनदा जे करू त्याहून मोठे आहे. शिवाय ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्या तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. श्वसनाच्या साथीत तोंड स्वच्छ ठेवणे ही दातांपुरती बाब राहत नाही.

त्याला बेसिनपाशी नेण्याची गरज नाही. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावावेत, आपण त्याच्या मागे उभे राहावे आणि त्याचे डोके आपल्या पोटाशी किंवा छातीशी टेकवून घ्यावे. डावा हात त्याच्या गालावरून हनुवटीखाली आणावा आणि उजव्या हातात ब्रश धरावा. हनुवटी किंचित खाली असावी. डोके मागे कलंडले की लाळ थेट घशात जाते आणि ठसका लागतो. आपण पुढून ब्रश करत असाल आणि तो मान मागे टाकत असेल, तर निम्मा प्रतिकार त्या स्थितीचाच असण्याची शक्यता आहे. समोर आरसा असला तर त्याला आपण दिसत राहता. ब्रश लहान मुलांचा, लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्यावा. पेस्ट फ्लुओराइडची असावी, पण त्याला थुंकता येत नसल्याने तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. तीही ब्रशच्या केसांत बोटाने दाबून बसवावी, म्हणजे तोंडात गोळा सुटत नाही. पाणी लागत नाही, चूळही लागत नाही. शेवटी स्वच्छ, ओलसर मलमलीच्या तुकड्याने फेस टिपून घ्यावा.

सुरुवात दुखऱ्या उजव्या बाजूने करू नये. पहिले तीन-चार दिवस फक्त डाव्या वरच्या दातांवर, मोठ्याने दहा अंक मोजून ब्रश बाहेर काढावा. दहा म्हणजे दहाच, अकरावा नाही. तोंड उघडले आहे तर आणखी थोडे उरकून घेऊ, हा मोह आवरावा लागतो. माझ्या एका रुग्णाने पहिल्या तीन भेटींत मला आरशाने दात मोजण्यापलीकडे काहीही करू दिले नव्हते. मी प्रत्येक वेळी आठपर्यंत मोजून हत्यारे खाली ठेवली आणि चौथ्या भेटीत त्याने आपण होऊन तोंड उघडले. आठच्या पुढे काही होत नाही, याची त्याला खात्री पटली होती. जागा वाढवत नेल्या की सकाळी अर्धे दात आणि दुपारी अर्धे असे वाटून घेतले तरी चालते. रात्रीचा ब्रश मात्र चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात उघडे पडतात.

तो अचानक दात मिटत असेल तर आपले बोट मधे कधीही घालू नये. चावा त्याच्या इच्छेने नसतो आणि सुटतही नाही. आइस्क्रीमच्या चार-पाच लाकडी काड्या एकत्र बांधून त्यांना गॉजची जाड गुंडाळी केली आणि चिकटपट्टी लावली की घरगुती ठोकळा तयार होतो. तो दाढांच्या मधे बाजूने सरकवावा, पुढच्या दातांवर दाबू नये. हलणाऱ्या दातावर ठेवू नये.

रक्त येईल. पहिले आठ-दहा दिवस येईलच आणि ते पाहून आपला हात थांबेल. न थांबता, हलक्या हाताने, हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ब्रश फिरवत राहावा. सूज ओसरली की रक्त कमी होते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे ०.२ टक्क्यांचे द्रावण आणून गॉज त्यात बुडवावे, पिळावे आणि रात्री ब्रशनंतर अर्ध्या तासाने हिरड्यांवरून पुसावे. हे पंधरा दिवसच करावे, कारण त्याने दात तपकिरी दिसू लागतात आणि चवही बिघडते.

खाण्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, तरी अंदाज बांधतो. शाळा, कार्यशाळा, फिजिओथेरपी सगळे बंद, मुलगा दिवसभर घरात, आणि तो चिडला की चहात बुडवलेले बिस्किट. लॉकडाउनमध्ये बहुतेक घरांत हेच झाले आहे, त्यात अपराधी वाटण्याजोगे काही नाही. बिस्किट पूर्ण बंद करण्याऐवजी ते जेवणाच्या वेळेला जोडावे आणि दोन जेवणांच्या मधे दात मोकळे राहू द्यावेत. तो घास गालात धरून ठेवत असेल तर जेवणानंतर गालाच्या आतून गॉज फिरवून घ्यावे. औषध पातळ, गोड सिरपच्या रूपात असेल तर त्यानंतरही पाण्याने तोंड पुसावे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा आणि मिश्री मात्र लावू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने दाढ क्षणभर बधिर होते म्हणून आराम वाटतो, पण तो तंबाखू लाळेबरोबर पोटात जातो, सवय लागते आणि हिरडीचे नुकसान होते. लवंगेचे तेल निखळ लावले तर हिरडी भाजते. गालात ॲस्पिरिनची गोळी धरली तर त्याहून जास्त. दुखत असल्यास पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, किमान सहा तासांच्या अंतराने, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही आणि दोन दिवसांपेक्षा लांबवायची नाही. त्याचे वजन आणि चालू गोळ्या पाहून मी हा आकडा मुद्दाम कमी ठेवला आहे. औषधांच्या दुकानातून ट्रामाडॉल असलेली वेदनाशामके आणू नयेत, त्यांनी आकडी येऊ शकते.

आकडीचा विषय निघालाच आहे म्हणून: आकडी चालू असताना दातांत चमचा घालण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्याने जीभ वाचत नाही, पुढचे दात मात्र तुटतात आणि तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली तर १०८ ला फोन करावा.

गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकू लागली, ताप चढला, तोंड पुरते उघडेना, लाळ नेहमीपेक्षा जास्त गळू लागली किंवा तो पाणीही गिळेना, तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. गळ्याखालची सूज श्वास अडवते. त्या वेळी कोरोनाची भीती दुय्यम मानावी.

दंतवैद्य निवडताना फोनवर "दिव्यांग मुलगा आहे, घ्याल का?" असे विचारले की नकार सोपा होतो. त्याऐवजी नेमके सांगावे: वय, वजन, आकडी शेवटची केव्हा आली, कोणत्या गोळ्या, फोड कुठे, आणि "आज फक्त तपासणी आणि एका दाढेचा निर्णय हवा आहे." मग आपले प्रश्न विचारावेत. क्लिनिक तळमजल्यावर आहे का, त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून पाहता येईल का, सक्शन आहे का, खिडक्या उघड्या ठेवता येतील का आणि सकाळची पहिली वेळ मिळेल का. पहिल्या वेळेला खोलीत आधीच्या रुग्णाची हवा नसते, प्रतीक्षागृह रिकामे असते आणि मुलगाही थकलेला नसतो. फोटो पाठवायचा तर दिवसा खिडकीजवळ, चमच्याच्या मागच्या बाजूने गाल हलकेच ओढून, दुसऱ्याला टॉर्च धरायला लावून घ्यावा. दहा काढले की एक कामाचा निघतो.

जवळपास कोणी मिळाले नाही तर दंत महाविद्यालय गाठावे. सरकारी दंत महाविद्यालये राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) इथे आहेत, ती आपल्याला लांब पडतील. खासगी महाविद्यालये मात्र कराड, सांगली आणि पुणे इथे आहेत. तिथे गेल्यावर बालदंतरोग विभाग, म्हणजे ज्याला तिथले लोक "पेडो" म्हणतात तो, विचारावा. मुलगा २३ वर्षांचा आहे म्हणून कोणी दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवेल, पण विशेष गरजा असलेल्या रुग्णांना हाताळण्याचे शिक्षण याच विभागात दिले जाते. त्यामुळे तिथेच चिकाटीने बसून राहावे.

हक्काचेही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २५ मध्ये रुग्णालयांत, सरकारी आणि खासगीही, अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी-उपचारात प्राधान्य यांचा उल्लेख आहे, तर कलम ८ आपत्तीच्या काळात समान संरक्षणाविषयी आहे. तक्रार करायची वेळ आली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तरीही माझे मत विचाराल तर, कलम दाखवून मिळवलेल्या दंतवैद्याचा हात मऊ असेलच असे नाही. आधी माणूस शोधावा आणि कायदा पिशवीत असू द्यावा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या संस्थेची निरामय विमा योजना सेरेब्रल पाल्सीसाठी एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते आणि तीत बाह्यरुग्ण उपचारही येतात. नोंदणी केली नसेल तर आपल्या भागातल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत ती करून घ्यावी.

मास्क तो ठेवत नाही याची चिंता करू नये. ज्याची लाळ गळते, त्याच्या तोंडावर ओला मास्क असणे हेच अधिक घातक. त्याच्याऐवजी आपण दोघांनी आणि क्लिनिकमधल्या सर्वांनी मास्क नीट लावावा. त्याला खरी भीती वाटेल ती आमच्या पोशाखाची. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यातला, काच लावलेला, घोगऱ्या आवाजाचा माणूस पाहून धडधाकट माणूसही दचकतो. म्हणून दंतवैद्यांकडून त्यांचे दोन फोटो मागवावेत, एक साध्या कपड्यांतला हसरा आणि एक पूर्ण पोशाखातला, आणि ते चार-पाच दिवस त्याला एकापाठोपाठ एक दाखवावेत. (ज्यांच्या घरी कर्णबधिर व्यक्ती आहे त्यांनी पारदर्शक मास्कची मागणी करावी किंवा पाटी-पेन्सिल सोबत न्यावी, कारण साध्या मास्कने ओठच झाकले जातात.)

लसीबद्दल थोडक्यात. आकडी येते म्हणून लस टाळण्याचे कारण नाही. लसीनंतर ताप आला तर आकडीचा धोका थोडा वाढतो, म्हणून तापाच्या गोळीचे प्रमाण मेंदुविकारतज्ज्ञांना आधी विचारून ठेवावे. दिव्यांगांसाठी घराजवळ लसीकरण केंद्रे असावीत अशा केंद्र सरकारच्या सूचना २७ मे २०२१ रोजी निघाल्या आहेत, त्याप्रमाणे आपल्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. आपल्याला स्वतःला एप्रिलमध्ये कोरोना होऊन गेला असल्याने त्यानंतर लसीसाठी थांबण्याची सध्याची (२०२१ ची) तीन महिन्यांची मुदत संपली आहे, म्हणून आपणही घ्यावी. दाढेचे काम मात्र लसीसाठी अडवून ठेवू नये.

आणि आता कंसातली ओळ. आपली डावी दाढ "नंतर" नाही. कोरोना होऊन गेल्यावर, विशेषतः मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड घेतले असतील तर, वरच्या जबड्यातले दुखणे, हलू लागलेले दात, गालाचा बधिरपणा किंवा नाकातून काळसर स्राव ही काळ्या बुरशीच्या आजाराची लक्षणे असू शकतात. त्यांतले एकही असेल तर त्याच दिवशी दाखवावे. तसे काही नसेल तर त्याच सकाळी, त्याच क्लिनिकमध्ये आपली तपासणी आधी करून घ्यावी. त्याची खुर्ची शेजारी लावून आपण दंतवैद्यांच्या खुर्चीत बसावे, तोंड उघडावे आणि डॉक्टरांना मोठ्याने दहापर्यंत मोजायला सांगावे. मग त्याची पाळी.